लेंटमधले पाहुणे वक्ते: कोण, किती आणि कशासाठी?

उपासना समितीकडून (निमंत्रणं), मराठी उपासना यादीवरील सर्वांना

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

२०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला येतो आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) ५ एप्रिलला. या दोन्हींमधल्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळासाठी, म्हणजे लेंटसाठी, बाहेरचे उपदेशक बोलवायचे असतील तर विचारणा आत्ताच करायला हवी. उशिरा विचारलं की ज्यांना ऐकायचं असतं ते मिळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

माझा प्रस्ताव असा. लेंटचे पाचही रविवार पाहुणे वक्ते असावेत. त्यानंतरचा झावळ्यांचा रविवार आणि सणाआधीचा पवित्र आठवडा पाळकसाहेबांनी घ्यावा. मात्र या वेळी शास्त्रपाठ आपण नेमून द्यायचा. "तुम्हाला प्रभू सुचवेल त्यावर बोला" असं पत्रात लिहायची आपली पद्धत आहे. त्यात आदर आहे, पण पाहुण्याला आपण एकटं सोडतो. गेल्या लेंटमध्ये काय झालं ते आठवा. तीन वक्त्यांनी लागोपाठ उधळ्या पुत्राचा दाखला घेतला (लूक १५: वाटा उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा, आणि घरीच राबलेला थोरला). तो पाठ खरं तर चौथ्या रविवारचा होता. आधीच्या दोघांना ते कोणी कळवलंच नव्हतं, आणि ती चूक माझी होती.

यंदा रविवारच्या शास्त्रपाठांच्या तीन वर्षांच्या पाठक्रमातलं पहिलं वर्ष आहे, आणि लेंटचे पाठ फार मोठे आहेत. पहिल्या रविवारी मत्तय ४, अरण्यातली परीक्षा. मग चार रविवार योहानाचं शुभवर्तमान: रात्री आलेला निकदेम, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाजार. चारही ठिकाणी प्रभू एकेका माणसाशी बोलतो, आणि दर वेळी संवाद आदल्या वेळेपेक्षा लांबतो किंवा खोल जातो. पाच वक्त्यांनी ही एकच वाट चालावी, एवढीच माझी इच्छा आहे.

आपलं मत या महिनाअखेरीपर्यंत कळवा.

एका ज्येष्ठ सभासदाकडून

ताई, सलाम.

तुमची तळमळ कळते आणि पाठ नेमून देण्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण पाचही रविवार बाहेरच्यांना द्यायला माझा विरोध आहे, आणि तो मी इथेच मोकळेपणाने लिहितो.

मेंढपाळ कशासाठी असतो? कळपातलं कोणतं कोकरू लंगडतंय हे त्याला ठाऊक असतं म्हणून. लेंटमध्ये माणसं एरवीपेक्षा हळवी होऊन येतात. कोणाचे वडील गेलेले असतात, कोणाचं घर मोडायला आलेलं असतं, कोणी वर्षभरात पहिल्यांदा पायरी चढलेला असतो. पाळकसाहेबांना हे चेहरे माहीत आहेत, म्हणून कोणत्या वाक्यावर थांबायचं हेही त्यांना कळतं. पाहुणा येतो, बोलतो आणि निघून जातो.

काही वर्षांपूर्वीचा एक रविवार मी विसरू शकत नाही. पाहुण्यांचं नाव घेत नाही. ते पन्नास मिनिटं बोलले. त्यातली निम्मी त्यांच्या स्वतःच्या कामासाठी लागणाऱ्या निधीवर गेली. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. यजमान गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच उपासनेला आल्या होत्या. बाहेर पडताना त्यांच्या हातात वर्गणीचं पत्रक होतं, आणि त्याची त्यांनी घडी घालून घालून अगदी लहानशी पुडी केली होती. त्यांना द्यायला दुसरं काहीच नव्हतं का आपल्याकडे?

भाषेचंही बघा. इंग्रजीत बोलणाऱ्या वक्त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर मराठी वाक्य येतं. वीस मिनिटांचा संदेश चाळीस मिनिटांचा होतो, आणि दुभाषी बिचारा ऐन वेळी शब्द शोधत बसतो. त्यापेक्षा आपले पाळक बरे. ते आपल्याच भाषेत बोलतात आणि आपल्यालाच बोलतात.

यादीवरच्या एका कॅथलिक सभासदाकडून

काका, ताई, नमस्कार. मी तुमच्या मंडळीचा नाही, पण शुभ शुक्रवारी दर वर्षी तुमच्यात येऊन बसतो, म्हणून दोन शब्द लिहितो.

आमच्याकडे ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटते. मिस्सातलं, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेतलं, प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (दीक्षित सेवक) यांनीच करायचं असतं. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ७६७व्या कलमात तसं स्पष्ट आहे. त्यामुळे प्रापंचिक वक्ता आला तर तो मिस्साबाहेर बोलतो: रिट्रीटमध्ये किंवा संध्याकाळच्या चिंतनात. बाहेरच्या उपदेशकाला बोलावण्याची परंपरा मात्र आमच्यात फार जुनी आहे. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये १८३५ साली तरुण विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून धर्मगुरू लाकोर्देर यांची लेंटची व्याख्यानं सुरू झाली. ती मालिका आजही चालते, वक्ते बदलत राहतात.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार भावते. व्हॅटिकनमध्ये लेंटच्या शुक्रवारी पोपच्या परिवारासमोर चिंतन करणारा एक नेमलेला उपदेशक असतो. १७४३पासून तो कपुचिन संघातलाच असतो. रानिएरो कांतालामेस्सा यांनी १९८०पासून २०२४पर्यंत ही सेवा केली. तीन पोप झाले, उपदेशक तेच. ज्याचं सगळ्या जगाने ऐकायचं, तो पोपही तिथे दुसऱ्याचं ऐकायला बसतो.

उपासना समितीकडून

काका, भाऊ, दोघांनाही मनापासून सलाम.

भाऊंचं शेवटचं वाक्य वाचून मला जे सांगायचं होतं ते सापडलं. पहिल्या पत्रात मी पाठांबद्दल लिहिलं आणि मूळ कारण राहूनच गेलं.

गेल्या वर्षी उधळ्या पुत्रावर बोलणाऱ्या तिसऱ्या वक्त्या आठवतात? धाकट्याची गोष्ट आधी दोनदा सांगून झाली आहे हे त्यांना आल्यावर समजलं. मग त्या सरळ पंचविसाव्या ओवीवर गेल्या: थोरला मुलगा शेतात होता. दिवसभर राबून तो घराजवळ येतो, आतून गाण्याचा आवाज ऐकतो आणि दाराशीच थांबतो. आत काय चाललंय हे त्याला चाकराला विचारावं लागतं. स्वतःच्याच घरातल्या आनंदाबद्दल त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं, यावर त्या बराच वेळ थांबल्या. आणि मग म्हणाल्या की बाप धाकट्यासाठी धावला तसा थोरल्यासाठीही उठून बाहेर आला.

मी बाजाच्या पेटीजवळ होते, तिथून तिसरा बाक नीट दिसतो. पाळकसाहेब तिथे बसले होते. संदेश संपला, गीताचा क्रमांक सांगितला, सगळे उभे राहिले, ते राहिले नाहीत. गीतसंग्रह मांडीवर मिटलेला, दोन्ही हात त्यावर. तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा ते उठले. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच मंडळीसमोर सांगितलं की इतकी वर्षं ते या दाखल्यातून धाकट्यालाच हाका मारत आले. राबून दमलेला थोरलाही बापाने बोलावलेला आहे, हे त्यांना कोणीतरी म्हणून दाखवायला हवं होतं.

काका, कोकरू कोणतं लंगडतंय हे मेंढपाळाला कळतं, हे अगदी खरं. पण मेंढपाळाच्या पायात काटा गेला तर तो कोण काढणार? आपले पाळक वर्षातले जवळजवळ सगळे रविवार उभे असतात. दुसऱ्यांना पश्चात्तापाकडे बोलावणाऱ्या माणसाला स्वतः ते बोलावणं ऐकायची संधी मिळत नाही. चाळीस दिवसांच्या या वाटेवर त्यांनाही चालायचंय. म्हणून मला पाहुणे हवेत. आधी त्यांच्यासाठी, मग आपल्यासाठी.

तरीही पाच रविवार जास्त होतात, हे काकांनी मला पटवलं. आपली माणसं पाळकांच्या आवाजाशिवाय पाच आठवडे राहू नयेत. बदललेली योजना अशी: २२ फेब्रुवारी आणि १ मार्च पाळकसाहेब. ८, १५ आणि २२ मार्च पाहुणे, म्हणजे शोमरोनी स्त्री, जन्मांध आणि लाजार. २९ मार्चपासून पुन्हा पाळकसाहेब. पाहुण्यांच्या तिन्ही आठवड्यांत बुधवारचा शास्त्राभ्यास पाळकसाहेब त्याच पाठावर घेतील. ते त्यांनी आनंदाने कबूल केलंय. म्हणजे पाहुण्याने उघडलेली जखम उघडी राहणार नाही.

निधीचं आवाहन आणि पत्रकं उपासनेत नाहीत, हे निमंत्रणपत्रातच लिहीन. त्या बाईंची पुडी डोळ्यांसमोरून हलत नाही. वेळ दुभाष्यासकट पस्तीस मिनिटं.

प्रत्येक पाहुण्याला मी बाकीच्या दोघांचे पाठही कळवणार आहे, आणि शुभ शुक्रवारचे सात उद्गारही, म्हणजे प्रभू क्रुसावरून बोलला ती सात वाक्यं. याचं कारण सांगते. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू विहिरीपाशी थकून बसतो आणि त्या स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. पुढे ती आपली घागर तिथेच टाकून गावात जाते, पण त्याला पाणी मिळाल्याचं योहानाने कुठेच लिहिलेलं नाही. त्याच शुभवर्तमानात क्रुसावरचा पाचवा उद्गार आहे: मला तहान लागली आहे. विहिरीपाशी सहावा तास, म्हणजे दुपार, सांगितलीय, आणि पिलाताने त्याला क्रुसासाठी सोपवलं तेव्हाही योहान सहावा तासच सांगतो. ८ मार्चला विहिरीवर बोलणाऱ्या बहिणीला हे माहीत असेल आणि पाचव्या उद्गारावर बोलणाऱ्याला ती काय बोलली हे माहीत असेल, तर मंडळीच्या मनात ती घागर चार आठवडे तशीच राहील. लाजाराचंही तसंच आहे. येशू रडला हे वाक्य लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येतं, आणि तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं त्याची बहीण मार्था त्याआधीच येशूला म्हणालेली असते. त्या पाठासाठी मी रुग्णालयात मरणाच्या खाटेशेजारी बसणारे एक चॅप्लन (रुग्णालयातले धर्मसेवक) बोलावते आहे. त्यांना मार्थाचे हे बोल रोज ऐकावे लागतात.

राहिला दुभाषी. राखेच्या बुधवारी एकदा वक्ते योएल संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायावर बोलत होते: वस्त्रं नको, अंतःकरण फाडा. त्यांनी वाक्य म्हटलं आणि आपला दुभाषी अडखळला. त्याला "मन मोडा" सुचलं. चूक नव्हती, पण फाडण्याचा आवाज गेला. मजकूर आधी हातात असता तर त्याने शास्त्र उघडून तोच शब्द घेतला असता. म्हणून संदेशाचा मजकूर आठ दिवस आधी मागवीन. तिघांपैकी जन्मांधावर बोलणारे वक्ते इंग्रजीत बोलतील, बाकी दोघं मराठीत. १५ मार्चसाठी दुभाषी हवा आहे. शास्त्राची मराठी तोंडात बसलेलं कोणी असेल तर कळवा.

ज्येष्ठ सभासदाकडून

ताई, तीन रविवार मान्य.

१५ मार्चला दुभाषी म्हणून माझं नाव घाला. मजकूर ७ तारखेला हातात हवा. आणि पाळकसाहेबांना सांगा, त्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसा, मी पुढून बघत असेन.