व्यापार करारात कामगार हक्कांची अट : आपण बाजूने उभं राहायचं की विरोधात?

प्रेसशॉप, चाकण

रविवारी चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या आठ-दहा कारखान्यांच्या युनियन प्रतिनिधींची बैठक झाली. ठराव एकच होता: भारताने कुठल्याही देशाशी व्यापार करार करताना कामगार हक्कांची सक्तीची अट मान्य करू नये. विरोधात दोनच हात वर झाले, त्यातला एक माझा. तिथे बोलायला वेळ मिळाला नाही म्हणून इथे लिहितोय. पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने खोडून काढावं.

ठरावाचा आधार जुना आहे. १९९६ साली सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली, तिथे काही श्रीमंत देशांना ही अट आणायची होती. भारताने ती अडवायला जोर लावला. घोषणापत्रात असं आलं की कामगार मानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने बघावा आणि कमी मजुरीमुळे विकसनशील देशांना मिळणाऱ्या फायद्याला धक्का लागू नये. आपल्या बहुतेक केंद्रीय युनियनही तेव्हा सरकारच्याच बाजूने होत्या.

तो फायदा मी जवळून बघितलाय. पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्राला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. मी आधी ज्या कारखान्यात होतो तिथे नग वाढावेत म्हणून एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. परभणीकडचा एकोणीस वर्षांचा कंत्राटी पोरगा, कामाला लागून तीन आठवडे झालेले, उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो माल युरोपला जायचा. पुढच्याच महिन्यात ग्राहकाचं ऑडिट आलं. आदल्या रात्री सगळ्या टेप निघाल्या, सगळ्यांना नवे हातमोजे मिळाले, कंत्राटी मुलांना त्या दिवशी सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी हातमोजे स्टोअरला परत जमा. ऑडिटर एकाही कामगाराशी एकट्याने बोलला नाही.

आता मेक्सिकोतलं सिलाओ बघा. जनरल मोटर्सचा ट्रकचा कारखाना. तिथे मालकधार्जिणी युनियन वर्षानुवर्षं बसलेली. १ जुलै २०२० ला अमेरिका, मेक्सिको, कॅनडा यांचा नवा करार लागू झाला. एखाद्या कारखान्यात संघटना करण्याचा हक्क नाकारला तर थेट त्या कारखान्याच्या मालावर कारवाई करता येईल, असं त्यात कलम आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये सिलाओत युनियन आणि कंपनी यांच्यातल्या कामगार करारावरच्या मतदानात गडबड झाली, अमेरिकेने हे कलम वापरलं, ऑगस्टमध्ये पुन्हा मतदान झालं आणि कामगारांनी जुना करार फेटाळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र युनियन निवडून आली आणि त्याच वर्षी साडेआठ टक्के पगारवाढ घेतली. असं कलम मला आपल्याकडे हवंय.

जुना कार्यकर्ता, पिंपरी

दादा, त्या पोराच्या बोटांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्यासाठी कारखाने कायदा आपला आहे, निरीक्षक आपला आहे. त्याच्या दारात बसायचं सोडून वॉशिंग्टनच्या दारात का जायचं?

मी नव्वदच्या दशकात या वादात होतो. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटर टॉम हार्किन यांनी बालकामगारांनी बनवलेल्या मालावर बंदी घालणारं विधेयक आणलं. ते मंजूर झालंच नाही. नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपडा कारखानदारांनी सुमारे पन्नास हजार मुलांना, बहुतेक मुलीच, कामावरून काढलं. युनिसेफने मागाहून शोध घेतला तेव्हा त्यातली बरीच मुलं दगड फोडताना, रस्त्यावर आणि वेश्याव्यवसायात सापडली. तिकडे कुणीतरी चांगल्या मनाने हात वर केला आणि इकडे पोरीचं ताट गेलं.

आणि हक्काची भाषा कोण करतंय? संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक सौदा यांचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार आपण मान्य केलेले नाहीत, हे खरं. अमेरिकेनेही केलेले नाहीत. कोलंबियाचं उदाहरण घ्या. तिथे युनियनच्या कार्यकर्त्यांचे खून होत होते म्हणून अमेरिकेतल्या युनियन २००६ मध्ये सही झालेल्या व्यापार कराराला वर्षानुवर्षं आडव्या आल्या. २०११ मध्ये कामगार संरक्षणाचा कृती आराखडा झाला, मे २०१२ मध्ये करार लागू झाला. खून थांबले नाहीत. माल मात्र जायला लागला.

ज्याच्या हातात बाजार आहे तो हत्यार वापरणारच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या मालावर पन्नास टक्के कर बसला, त्यातला निम्मा रशियाचं तेल घेतो म्हणून. उद्या कामगार हक्कांचं कलम दिलंत तर तेही असंच कुठल्याही रागाच्या भरात बाहेर निघेल.

वर्कशॉप, भोसरी

मी मालकाच्या बाजूचा, तरी बोलतो. बावीस माणसांचं वर्कशॉप आहे. माझा माल थेट परदेशात जात नाही, मोठ्या कारखान्यामार्फत जातो. युरोपने सक्तीच्या मजुरीच्या मालावर बंदीचा नियम २०२४ मध्ये केला, तो डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. मला आत्ताच त्या मोठ्या कारखान्याकडून तीस पानी प्रश्नावली आली. पोलाद कुठून, वायसर कुठून, माणसं कुठून. मी आणि माझी बायको दोन रात्री बसून भरत होतो. त्याच आठवड्यात त्याच ग्राहकाने भाव तीन टक्क्यांनी कमी मागितला. अट घाला, पण भावात ती दिसली पाहिजे. नाहीतर तिचा खर्च शेवटी माझ्या हेल्परच्या पगारातूनच निघतो.

प्रेसशॉप, चाकण

भोसरीकर, हे मला मान्य आहे आणि बैठकीत ते कुणीच मांडलं नाही. भावाचं कलम अटीच्या सोबत असायला हवं.

साहेब, हार्किनचं उदाहरण पूर्ण सांगा ना. १९९५ मध्ये बांगलादेशी कारखानदार, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी बसून समझोता केला, मुलांना शाळा आणि थोडा भत्ता देऊन बाहेर काढायचं ठरलं. चूक आधी धमकी देण्यात होती, मुलांना विचारलं नाही यात होती.

त्याच बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळलं. ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापायची भीती घालून आत आणलं. बँकेच्या माणसांना आणि शिलाईच्या बायकांना तडे एकच दिसत होते. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि युनियन यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला, आणि धोकादायक कारखान्यांची तपासणी, दुरुस्ती खरोखर झाली. सरकारी निरीक्षकाने ते केलं नव्हतं.

निरीक्षकाच्या दारात बसा म्हणता. आम्ही बसलो होतो. तो पोरगा कंत्राटदाराच्या रजिस्टरमध्ये हाउसकीपिंगला लावलेला निघाला.

जुना कार्यकर्ता, पिंपरी

ब्रँड आणि युनियनमधला करार वेगळा, दोन सरकारांमधला व्यापार करार वेगळा. पहिल्याला माझा विरोध नाही. दुसऱ्यात कामगार टेबलावर नसतो.

कागदपत्रं वाचणारा, एरंडवणे

ठरावाची भाषाच जुनी झाली आहे. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या त्या करारात कामगारांवर वेगळं प्रकरण आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांबरोबरच्या एफ्टा करारात, जो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे, शाश्वत विकासाचं प्रकरण आहे. फक्त त्यावरून वाद लवादाकडे नेता येत नाही. म्हणजे अट मान्य करायची की नाही हा प्रश्न मागे पडला. तिला दात असावेत का आणि ते कुणाच्या हातात, यावर बोला.

दुसरं, परक्याच्या स्वार्थातून आलेला कायदा म्हणून नाकारायचा असेल तर १८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्टही नाकारावा लागेल. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात सूत काढतात हे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणी मालकांना खुपत होतं, म्हणून त्यांनी तो रेटला. इथल्या बऱ्याच राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याच कारणाने विरोध केला. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनाही लँकेशायरचा हेतू कळत होता. तरी त्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून आणखी कडक कायदा मागितला. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. गोऱ्या मालकाचा स्वार्थ आणि काळ्या कामगाराचं हित एका वळणावर भेटलं, तिथे ते थांबले नाहीत, पुढे गेले.

जुना कार्यकर्ता, पिंपरी

लोखंड्यांचं नाव घेतलंत, आता १९३१ चंही घ्या. स्वदेशीने लँकेशायरमधले कामगार बेकार झाले होते. गांधीजी स्वतः डार्वेनला गेले, त्या कामगारांमध्ये बसले, आमच्याकडची उपासमार तुमच्याहून मोठी आहे असं तोंडावर सांगितलं आणि तरी त्यांनी गांधीजींचं स्वागत केलं. आपल्या ठरावावर मत देण्याआधी सिलाओच्या किंवा ढाक्याच्या एका तरी कामगाराशी कुणी बोललंय का? ते बोलणं झालं आणि त्यांनी सांगितलं की कलम कामाचं आहे, तर मी माझा हात खाली घेईन. तोवर नाही.

हडपसरची शिलाईवाली

मी सगळं वाचलं. श्रीलंकेची युरोपातली करसवलत २०१० मध्ये काढून घेतली होती, २०१७ मध्ये परत दिली. कारण युद्धातले अत्याचार. सवलत गेली ती मुख्यतः कपड्यांवरची, आणि कपडे शिवतात बायका. युद्ध त्यांनी नव्हतं केलं. म्हणून मला अख्ख्या देशावरची शिक्षा नको वाटते, चाकणच्या दादांसारखं एका कारखान्यापुरतं असेल तर चालेल.

पण मला एक विचारायचंय. मी अकरा वर्षं एक्स्पोर्टचा माल शिवते, एकाच छताखाली तिसरा कंत्राटदार आहे. ऑडिटच्या दिवशी ज्यांना घरी पाठवतात त्यातली मी. रविवारच्या बैठकीत कंत्राटी कामगारांना मत होतं का?

प्रेसशॉप, चाकण

नव्हतं, ताई. पर्मनंट सभासदांनाच होतं. तो परभणीचा पोरगा असता तर त्यालाही नसतं.

पुढच्या रविवारी व्यापाराचा ठराव दुसरा घेऊ. पहिला मतदानाचा, तो मी मांडतो. साहेब, अनुमोदन तुम्ही द्याल का?

जुना कार्यकर्ता, पिंपरी

देतो. ताई, तुम्ही पण या. अकरा वाजता.