रेसिपीला 'कृती' म्हणावं का?

मांडवीकाठ
पणजीत कॉलेजच्या मुलांना 'शेफ' शिकवायचंय, टिपणं मराठीत करतोय. शेफ म्हणजे सर्व्हरवर काय काय असावं ते रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून ठेवायची सोय. लिहितो ती रुबीच, वर शेफची स्वतःची बोली. त्यातल्या फायलीला रेसिपी म्हणतात, रेसिप्यांच्या गठ्ठ्याला कुकबुक, आणि आपल्या लॅपटॉपवरून कारभार हाकायच्या हत्याराला नाईफ. मी रेसिपीला 'कृती' लिहिलं. सोबतचा मास्तर म्हणतो, चूक. तुम्ही काय म्हणता?

अर्धमात्रा
चूक कसली? मराठी पाकपुस्तकात 'साहित्य' आणि 'कृती' हेच छापलेलं असतं. कुकबुक म्हणजे कृतिसंग्रह, नाईफ म्हणजे सुरी. रेसिपी, फाईल, सर्व्हर असंच लिहायचं तर मराठी टिपणांचा उपद्व्याप कशाला?

आडवाटेचा
मग रुबीला माणिक म्हणा. पर्ल या आधीच्या भाषेवरून गमतीने ठेवलेलं नाव आहे, म्हणजे मोत्यानंतर माणिक. आणि पपेट या शेफसारख्याच सोयीला कळसूत्री. तीही रुबीतच लिहिलेली होती.

काजूबी
माझी तक्रार शुद्धतेची नाही, अर्थाची आहे. कृती म्हणजे ओळीने करायच्या गोष्टी. रेसिपीत मी 'इंजिनएक्स (वेबसाइट पुरवणारं सॉफ्टवेअर) बसव' म्हणत नाही, 'इंजिनएक्स बसलेलं असावं, सर्व्हिस चालू असावी' म्हणते. तसं असेलच तर शेफ हात लावत नाही. आईची आमटीची कृती त्याच पातेल्यावर दोनदा करा, मीठ दुप्पट. रेसिपी शंभरदा चालवा, मीठ तेवढंच.

अर्थात लिहिणारा शहाणा असेल तर. पहिल्या नोकरीत मी 'एक्झिक्यूट'ने, म्हणजे थेट आज्ञा देऊन, एका फायलीला ओळ जोडली आणि 'नॉट_इफ', म्हणजे 'आधीच असेल तर करू नको' ही अट, लावायला विसरले. शेफ दर अर्ध्या तासाला चालायचा. शुक्रवारी संध्याकाळी घरी गेले, सोमवारी येऊन बघते तर तीच ओळ सव्वाशे वेळा.

मांडवीकाठ
हाच गुण मुलांना सांगायचाय! आयडेम्पोटंटला मराठीत काय?

अर्धमात्रा
गणितात 'वर्गसम' आहे. वर्ग केला तरी तेच उरतं. इंग्रजी शब्दसुद्धा 1870 मध्ये बेंजामिन पीअर्सने लॅटिनमधून घडवलेलाच, आभाळातून पडलेला नाही.

आडवाटेचा
'वर्गसम' ऐकून मुलं इयत्ता कुठली विचारतील. आमची आजी सुनांना 'मीठ घाल' कधीच म्हणायची नाही, 'मीठ बघ' म्हणायची. बघ म्हणजे चाख, कमी असेल तर घाल, नसेल तर गप्प बस. दार बघ, गॅस बघ, हेही तसंच. चार सुनांनी पाठोपाठ 'बघितलं' तरी आमटी खारट होत नसे.

काजूबी
अरे, हे तर नॉट_इफच! पण नाम काय करणार, 'बघणी'?

अर्धमात्रा
'बघणी' हा शब्द नाही.

आडवाटेचा
पेरणी, लावणी, मळणी चालते. बघणीनेच काय घोडं मारलं?

फोंड्याची सून
मुळात रेसिपी हे लॅटिन आज्ञार्थी रूप आहे, 'घे!'. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं आरएक्स तेच. माझे सासरे पोर्तुगीज शिकलेले. औषधाची चिठ्ठी आणि बेबिंकाची वही, दोन्हींना 'रेसैता'च म्हणायचे. वैद्य औषधाच्या योगाला 'पाठ' म्हणतात, तो घ्या. आणि अर्धमात्राभाऊ, नाईफला सुरी काय, आमच्याकडे आदोळी म्हणा. तिच्यावर चिरतातही आणि नारळही खोवतात.

काजूबी
ताई, 'पाठ' म्हटलं की मुलं धडा समजतील. शिवाय तुमचा 'घे!' पुन्हा आज्ञाच झाला. रेसिपीत रुबी असल्याने अजून एक भानगड आहे: आधी सगळी रुबी वाचून असाव्यात त्या गोष्टींची यादी बनते, मग दुसऱ्या फेरीत ती अमलात येते. आज्ञा समजून लिहिणारे इथेच फसतात.

फोंड्याची सून
बरं बाय. पण तुझ्या आईच्या आमटीत आमसूल की चिंच?

काजूबी
सोलं.

अर्धमात्रा
सोलं म्हणजेच आमसुलं. प्रमाण शब्द आमसूल.

फोंड्याची सून
कुणाचं प्रमाण? इथे बाजारात आमसूल मागून बघा, समोरचा आधी तुमचं गाव विचारेल.

मांडवीकाठ
टिपणं उद्या छापायला द्यायचीत हो. कृती की रेसिपी?

आडवाटेचा
थांबा जरा, सोलकढीत आमसूल घालतात असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.