बंदुकीची कंपनी तुमच्या हातात आली तर पहिलं काय बदलाल?

काटोलकर

आमच्या घरी आजोबांची दुनळी बारा बोअर बंदूक आहे (बोअर म्हणजे नळीचं माप). तिचे दोन्ही घोडे आजही चोख चालतात. माझं स्वतःचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर सहा वर्षांपूर्वीचं, आणि त्याची स्प्रिंग दुसऱ्याच वर्षी तुटली. कारखान्याचं नाव घेत नाही. दुकानदाराने एक पत्र पाठवलं, मी दोन पाठवली, तेव्हा आठ महिन्यांनी स्प्रिंग आली. बोटभर तार ती! तेवढ्यासाठी पगारातून साठवून घेतलेली वस्तू आठ महिने कपाटात पडून होती.

म्हणून माझ्या हातात कंपनी आली तर पहिली दोन वर्षं एकही नवं मॉडेल काढणार नाही. आधी सुटे भाग. परवानाधारक दुकानात प्रत्येक मॉडेलच्या स्प्रिंगा, फायरिंग पिना, एक्स्ट्रॅक्टर कायम शिल्लक असलेच पाहिजेत.

दुसरं म्हणजे चाप. माझ्या रिव्हॉल्व्हरचा चाप डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा हाताने न चढवता नुसता चाप ओढताना, इतका जड आहे की घोडा पडेपर्यंत माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) निशाणावरून सरकलेली असते. आपल्याकडे नवी नावं येतात. २०१४ मध्ये कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर आलं, अर्ध्या किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. २०२३ मध्ये प्रबल आलं, सिलिंडर बाजूला उघडणारं. हा बदल चांगलाच आहे, कारण तोवर आपण जुन्या इंग्लिश वेब्लीच्या धर्तीवर मधून दुमडून उघडणारीच रिव्हॉल्व्हरं बनवत होतो. पण जुनं घेतलेल्या माणसाचं काय?

अमेरिकेतल्या रूगर कंपनीचं उदाहरण मला फार आवडतं. त्यांच्या जुन्या सिंगल ॲक्शन (दरवेळी घोडा हाताने चढवायच्या) रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा भरलेल्या काडतुसावर टेकलेला असताना ते हातातून पडलं तर गोळी सुटू शकायची. १९७३ मध्ये त्यांनी ट्रान्स्फर बारची नवी रचना आणली. चाप ओढला तरच ही पट्टी घोड्याचा मार काडतुसापर्यंत पोचू देते. पुढे जुन्या मालकांनाही तो बार फुकट बसवून द्यायला सुरुवात केली, आणि ते काम अजून चालू आहे. माझी कंपनी अशी असेल.

टूलरूम वाडी

काटोलकर भाऊ, तुमची तळमळ समजते, पण तुम्ही चुकीच्या जागी बोट ठेवून राहिले.

मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आमचं काम ॲल्युमिनियमचं, बंदुकीचं नाही. पण स्प्रिंगचं पाणी, म्हणजे भट्टीत दिलेला कडकपणा, बिघडलं की काय होते, हे हातानं पाह्यलं आहे. जास्त कडक झाली तर काचेसारखी तुटते, नरम राहिली तर बसते, म्हणजे दबून जोर जाते. ते तोलायला भट्टीवर जाणता माणूस लागते आणि प्रत्येक बॅचची तपासणी लागते. डाय (साचे) आणि गेजांचा (मोजमापाच्या साधनांचा) खर्च दहा हजार नगांवर वाटला तर जाणवत नाही. शंभरावर वाटला तर कोणताही मालक हात आखडता घेईल.

आणि नग वाढतील कुठून? ९ मिलिमीटर, .३०३ अशा फौजेच्या बोअरची दारं सामान्य माणसाला बंद. म्हणून तर १८९६ सालचं .३२ काडतूस आपण अजून वापरतो. फौजेची .३०३ देता येत नव्हती म्हणून .३१५ ची रायफल आली. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाजवळची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. गिऱ्हाईक एवढंच. मालक बदलून चाप हलका होत नाही.

चाप जड काऊन असते, ते सांगतो. मुख्य स्प्रिंग जड असते म्हणून. ती जड ठेवतात, कारण काडतुसाचा प्रायमर, म्हणजे बुडातली माराने पेटणारी टोपी, दरवेळी फुटलाच पाहिजे. प्रायमर एकसारखे नसले तर बनवणारा सगळ्यात कडक प्रायमर धरून स्प्रिंग बसवतो. तुम्ही चापाला दोष देता, मूळ काडतुसात आहे.

काटोलकर

काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. स्प्रिंग हलकी करून घेतली की गोळ्या फुसक्या जातात, असं दुकानदार म्हणाला होता. त्याचं कारण आज कळलं.

पण मग माझा मुद्दा उलट पक्काच होतो. १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत सगळे सरकारी शस्त्र कारखाने एकाच मंडळाखाली होते. त्या दिवशी सात कंपन्या झाल्या. रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कंपनीकडे गेलं. केएफची खूण असलेली काडतुसं खडकीची, ती पुण्याच्या कंपनीकडे गेली. आपल्या अंबाझरीच्या वाट्याला तिसरीच, यंत्र इंडिया. घोडा एकीकडे आणि प्रायमर दुसरीकडे! मी मालक असतो तर पहिल्या महिन्यात दोन्हीकडच्या इंजिनिअरांना एका टेबलाशी बसवलं असतं. त्याला गृहखात्याची परवानगी लागत नाही. कायदा घट्ट आहे हे मान्य, पण चांगली स्प्रिंग बनवू नका असं कोणतंही कलम सांगत नाही.

धरमपेठची डॉक्टर

मी तुमच्या कोणाच्याच बाजूची नाही, आणि स्पष्ट लिहिते. तुम्ही दोघं वस्तू चांगली कशी होईल यावर बोलत आहात. वस्तू घरात गेल्यावर काय होतं, यावर अजून एकही ओळ नाही.

घरात बंदूक असली की आत्महत्येतून मृत्यूचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कारण साधं आहे. तो विचार बऱ्याचदा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तेवढा वेळ हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो. कॅज्युअल्टीत अनेक वर्षं काढलेली बाई म्हणून हे सांगते आहे. विष घेतलेला माणूस पुष्कळदा आमच्या हातात येतो आणि वाचतो. गोळी ती संधी फार क्वचित देते.

म्हणून कंपनी माझी असती तर कुलुपाशिवाय एकही हत्यार दुकानातून बाहेर पडलं नसतं. आणि निर्भीकसारखं नाव देऊन बायकांच्या सुरक्षेच्या भाषेत मी ते विकलं नसतं. दिल्लीच्या त्या मुलीची, निर्भयाची, आठवण पुसू नये हे खरंच. पण सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर कोणत्या मुलीच्या पर्समध्ये जाणार होतं? सीताबर्डीवरून रात्री शेवटची बस धरणारीच्या तर नाही. भीती दाखवून माल खपवणं मला मान्य नाही.

मौद्याचा

ताई, कुलूप बरोबर आहे. पण आमच्याकडं रात्री धानात डुकरं शिरते तेव्हा कुलूप उघडालेबी वेळ नसते.

शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. पण वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी घालता येत नाही. मंग ते हत्यार मी खांद्यावर घेऊन करू काय? मले तर बार काढून पळवून लावणारं साधन पायजे. नुसता आवाज, गोळी नाही. कोण्या कंपनीनं ते स्वस्तात अन् धोक्याशिवाय बनवलं तर आमच्या गावात निम्मे लोक घेतील. माचणावर रात्र काढून पाहा कोणी, मंग समजते.

नेमबाजाची आई, मानकापूर

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. त्या निशाणातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेवढ्या कामाची रायफल जर्मनीतून येते आणि तिची किंमत लाखांत जाते. क्लबच्या एका रायफलवर चार मुलं पाळीपाळीने सराव करतात. दस्ता एकीच्या मापाने लावला की दुसरीचा गाल नीट टेकत नाही.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा आम्ही सगळे रडलो. टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, तेव्हाही रडलो. काटोलकरदादांची स्प्रिंग आठ महिन्यांनी आली. आमच्या मुलांना आठ मिनिटंही परवडत नाहीत.

तुम्ही .३२ वर भांडताय. .१७७ ची वीस ज्यूलच्या आतली छर्ऱ्याची रायफल घ्यायला परवाना लागत नाही, म्हणजे काकांची गिऱ्हाईकाची अडचण इथे नाही. डॉक्टरताईंची चिंताही बरीच कमी होते. कंपनी माझ्या हातात आली तर सगळा पैसा इथे घालीन. चाळीस-पन्नास हजारांत पुढेमागे होणाऱ्या दस्त्याची, नेमाला पक्की एक रायफल, विदर्भातल्या प्रत्येक शाळेसाठी.

टूलरूम वाडी

बाई, चाळीस हजारांत नळी बसणार नाही. म्हणजे नळी बसेल, पण दरवेळी त्याच भोकात छर्रा घालणारी नळी बसणार नाही. ते काम वेगळं असते. दस्ता मात्र जमते. ॲल्युमिनियमचा, पुढेमागे, वरखाली होणारा. हिंगण्याच्या एमआयडीसीतही ते मिलिंग करणारी पोरं आहेत. बाहेरची नळी आणि आपला दस्ता, असं कोणी केलं तर किंमत उतरल.

काटोलकर

कुलूप मान्य, डॉक्टर. पहिल्या दिवसापासून, किमतीत धरून. नावाचंही मान्य.

पण सुटे भाग मी खाली ढकलणार नाही. ताईंच्या मुलीची रायफल असो की माझं रिव्हॉल्व्हर, बिघडली की कोणाकडे न्यायची हे आधी ठरलं पाहिजे. काका, ती आठ महिन्यांनी आलेली स्प्रिंगही आता बसायला लागली आहे. रविवारी वाडीला घेऊन येतो, फक्त स्प्रिंग. तिचं पाणी कसं बिघडलं ते एकदा बघून सांगा.