‘फेस व्हेल’ म्हणजे बुरखाच का?

कोरी पाटी
नमस्कार. एका मासिकासाठी युरोपातल्या बंदीवरचा लेख मराठीत करते आहे. फ्रान्सने २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकण्याविरुद्ध कायदा केला आणि तो ११ एप्रिल २०११ पासून लागू झाला, तिथून लेख सुरू होतो. ‘फेस व्हेल’ (face veil) हा इंग्रजी शब्द मूळ लेखात पानोपानी आहे. मी सरसकट ‘बुरखा’ लिहीत गेले. नागपुरातल्या जाफरनगरच्या मुसलमान मैत्रिणीला मसुदा वाचून दाखवला, तर ती मध्येच थांबवून म्हणाली, “बुरखा म्हणजे अंगभर. तू तोंडावरच्या कपड्याबद्दल लिहितेयस, तो नकाब.” मी म्हटलं, मराठीत सगळ्यालाच बुरखा म्हणतात. ती म्हणाली, “मराठीत म्हणजे कोण म्हणतं गं? मी आत्ता कशात बोलतेय?”
त्यावर मला काही बोलता आलं नाही.
त्यात संपादकांनी शीर्षक सुचवलं, ‘स्वातंत्र्याचा बुरखा फाटला’. लेखात एका बाईला पोलीस भर रस्त्यात चेहरा उघडायला सांगतात. त्या पानावर हे शीर्षक मला सोसवत नाही. बुरखा फाडणे, बुरखा पांघरणे, सभ्यतेचा बुरखा. आपल्याकडे हा शब्द आला की ढोंग आलंच. मग तटस्थ शब्द कुठला?

इतवारी
बुरखा आणि नकाब दोन्ही अरबी. आपल्याकडे ‘अवगुंठन’ असताना उसनवारी कशाला? शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत दरबारात आलेल्या शकुंतलेला ‘अवगुंठनवती’ म्हणतो. ‘मुखावगुंठन’ लिहा. अर्थ नेमका, आणि ढोंगाची छटाही नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी.

लिंबाचा पार
काका, राग मानू नका, पन मुखावगुंठन कोनाले समजन? माही पोरगी नवतपाच्या उन्हात सक्करदऱ्याहून गाडीनं कॉलेजले जाते. डोये सोडून सारं तोंड बांधलेलं, वरून गॉगल. आमच्या घरी त्याले ‘स्कार्फ बांधनं’ म्हनतात, जुने लोक ‘दुपट्टा बांधनं’ म्हनत. मागच्या मे महिन्यात एका बँकेच्या दारात गार्डनं तिले अडवलं. तिच्या मागं बुरखा घातलेली एक बाई होती, तिलेही अडवलं. नियम एकच. पन पोरीले म्हने, “बेटा, स्कार्फ काढ,” अन् त्या बाईले म्हने, “ओ, बुरखा वर करा.” माह्या पोरीनं घरी येऊन सांगितलं ते हेच. स्कार्फ काढाचं तिले काही वाटलं नाही. तो ‘ओ’ तिले लागला.

कोरी पाटी
दादा, हे वाचून एक सांगते. स्वित्झर्लंडमध्ये ७ मार्च २०२१ ला सार्वमत झालं, ५१.२ टक्के लोकांनी बंदीला कौल दिला आणि १ जानेवारी २०२५ पासून ती लागू आहे. त्यात हवामानासाठी चेहरा झाकला तर चालतो, आरोग्यासाठी चालतो, स्थानिक चालीरीतीसाठीही चालतो. म्हणजे तुमची मुलगी तिथे सुटली असती. कापड तेच असलं तरी कारण विचारलं जाणार. म्हणूनच ‘चेहरा झाकणारं वस्त्र’ असं साधं लिहावं का, याचा विचार करते आहे. फ्रान्सच्या कायद्यातही कुठल्या धर्माचं नाव नाही, ‘चेहरा झाकणे’ एवढंच आहे.

दमणी
कायद्याने नाव घेतलं नाही म्हणून तुम्हीही घेऊ नये? वाचकाला कळलं पाहिजे की झळ कुणाला बसते.
दुसरं, आपला एक शब्द सगळे विसरलेले दिसतात, ‘गोषा’, म्हणजे बायकांनी पडद्यात राहणं. माझी आजी अमरावतीकडच्या देशमुखांच्या वाड्यात दिली होती. माहेरी यायची ती पडदा लावलेल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून. गावाची वेस आली की आतून विचारायची, “वड दिसला का?” वड तिने कधी पाहिलाच नव्हता, नुसता ऐकला होता. तिच्या तोंडी ‘आमच्यात गोषा होता’ असंच असायचं. मुसलमान नव्हतो आम्ही. आता बुरख्यावर वाद झाला की आमच्याच घरातले लोक ‘त्यांच्या बायका’ म्हणतात तेव्हा माझ्या जिवाला लागतं.

जुनी पेटी
गोषा आणि गोषवारा एकाच मुळातले. दोन्हींत आटोपशीरपणा आहे: गोषवारा म्हणजे आवरलेला हिशेब, गोषा म्हणजे आवरलेली बाई.

इतवारी
नाही. फारसीत गोशा म्हणजे कोपरा, गोशानशीन म्हणजे कोपऱ्यात बसलेला. गोषवारा ज्यावरून आला तो फारसी शब्द कानातल्या दागिन्याचा आहे, गोश म्हणजे कान. दागिन्याचं नाव हिशेबाच्या तक्त्याला मिळालं. ‘आवरलेली बाई’ ही व्युत्पत्ती मनाची आहे, कृपया पुढे पाठवू नका.

जुनी पेटी
कोपरा तर कोपरा. बाईला कोपऱ्यात बसवणारा शब्द आहे हे माझं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही.

सुईदोरा
मी मोमिनपुऱ्यात बुरखे शिवते. मराठी शाळेत शिकले म्हणून इथे लिहायची हिंमत करते.
आमच्या दुकानात गिऱ्हाईक ‘चेहरा झाकणारं वस्त्र’ मागत नाही. ती सांगते, बुरखा नकाबवाला की बिननकाबाचा. पुढून उघडणारा लांब झगा म्हणजे अबाया. डोक्याला गुंडाळतात तो हिजाब किंवा स्कार्फ. नकाब म्हणजे फक्त तोंडावरचा पदर, आम्ही तो वेगळा कापतो. नाकापासून खाली येणारा छोटा असतो त्याला आता सगळ्या ‘नोजपीस’ म्हणतात. माझ्या सासूबाईंच्या बुरख्याला वर फेकायचा नकाब होता. गल्लीत शिरल्या की उलटून टाकायच्या, रस्त्याला लागल्या की खाली. मी स्वतः हिजाब घालते, नकाब नाही. बहीण घालते. एका घरात दोन बाया आहोत.
२०२२ मध्ये कर्नाटकातल्या कॉलेजांत हिजाबबंदीचं चाललं तेव्हा त्या मुलींचा चेहरा उघडाच होता. सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली तीही हिजाबावर. पण दुकानात येणारी हर एक मराठी बाई मला विचारायची, “बुरखाबंदी झाली का हो?” म्हणून म्हणते, ताई, नकाबाला नकाबच लिहा. तुम्ही एक शब्द ढिला सोडला की आमच्या डोक्यावरचं सगळंच त्यात जातं.

कोरी पाटी
आपा, हे मला कुठल्याही कोशात मिळालं नसतं. नकाब नक्की.

इतवारी
त्यांचा अनुभव मी मानतो. तरी लेख मराठी वाचकासाठी आहे. करोनात ‘मुखपट्टी’ शब्द आपण सहा महिन्यांत रुळवला. मनावर घेतलं तर रुळतो.

दमणी
मुखपट्टी रुळली कारण ती सगळ्यांच्याच तोंडावर आली. फ्रान्समध्येही २०२० मध्ये मास्क सक्तीचा झाला आणि चेहरा झाकायची बंदी उठली नव्हतीच. आणि शाकुंतल तुम्ही काढलंत म्हणून: त्याच अंकात गौतमी शकुंतलेचं अवगुंठन दूर करते, नवऱ्याला ओळख पटावी म्हणून. तो तरीही ओळखत नाही. चेहरा उघडल्याने ओळख पटते असं म्हणणाऱ्यांनी तो प्रवेश पुन्हा वाचावा.

इतवारी
तिथे शाप आहे. त्याचा इथे संबंध नाही.

कोरी पाटी
दुसरी अडचण टाकते, ती पहिलीहून मोठी आहे. १ जुलै २०१४ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फ्रान्सची बंदी उचलून धरली. अर्ज करणारी तरुणी म्हणत होती, मी स्वखुशीने घालते, घरातल्या कुणाची सक्ती नाही, रोज घालतेच असंही नाही. न्यायालयाला सुरक्षितता, समानता, प्रतिष्ठा ही कारणं पुरेशी वाटली नाहीत. ‘एकत्र जगणं’ हे एकच कारण टिकलं. सतरापैकी दोन न्यायाधीशांना तेही पटलं नाही. पुढे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने उलट मत दिलं. या ‘एकत्र जगण्या’ला आणि लेखातल्या ‘इंटिग्रेशन’ला काय लिहू? ‘सहजीवन’ म्हटलं की नवरा-बायको. ‘एकात्मता’ सरकारी फलकावरची. ‘समरसता’ आपल्या नागपुरात लिहिली की वाचक आधी लिहिणाऱ्याचा पक्ष शोधतो.

जुनी पेटी
‘विलीन होणे’. अर्थ पूर्ण येतो.

लिंबाचा पार
विलीन नोको बाप्पा. १९५६ मदे विदर्भ मुंबई राज्यात गेला अन् नागपूरची राजधानी गेली, आमचे बाबा शेवटपर्यंत ‘आपल्याले विलीन केलं’ म्हनत. विलीन झाल्यावर मांगं काय उरते? मी म्हनतो ‘नांदनं’ घ्या. गुण्यागोविंदानं नांदनं.

कोरी पाटी
नांदणं! किती सोपा शब्द.

दमणी
थांबा. नांदायला कोण जातं? सून. ‘पोरगी नांदत नाही’ असंच म्हणतात, ‘सासर नांदवत नाही’ असं तक्रार करायला सहसा कुणी जात नाही. बदलायचं तिने, नाव तिने टाकायचं. तुमच्या लेखात हाच शब्द बसला तर फ्रान्सने जे मागितलं ते अगदी हुबेहूब येईल, पण मग शब्द तटस्थ राहणार नाही. मला तो हवा आहे, कारण खरं ते दिसेल. तुम्हाला चालेल का ते तुम्ही ठरवा.

सुईदोरा
दमणीताई, ‘नांदवणे’ही आहे ना? सासूबाई म्हणायच्या, सून नांदते ती सासूने नांदवली तर.

इतवारी
‘नांदवणे’ प्रयोजक क्रियापद आहे, त्यात कर्ता बदलतो. ‘इंटिग्रेशन’साठी दोन क्रियापदं आलटून पालटून वापरता येणार नाहीत, लेख वाचता येणार नाही. ‘सामीलीकरण’ पाहा. आणि बुरख्यातला ‘ख’ आपला आहे हे कुणीच लक्षात घेतलं नाही: वक्तचा वखत झाला तसा बुर्क्याचा बुरखा. म्हणजे तो शब्द मराठी झालेला आहे, असं मला आता वाटू लागलं आहे.

कोरी पाटी
काका, मग अवगुंठन मागे घेताय?

इतवारी
नाही. दोन्ही ठेवतो.

लिंबाचा पार
दमणीताई, एक इचारतो. आमच्याकडं दमणीले वरून टप राहे अन् समोर चादर बांधत. त्याले पडदा म्हनलेलं मी नाही आयकलं. तुमच्या आजीकडं खरंच पडदाच म्हनत का?

दमणी
पडदाच म्हणत. आईला आज विचारून सांगते.