मदत हवी आहे: मिनी दालमिलात तूर फार तुटते, क्विंटलला 58 किलोच डाळ

दारव्ह्याची_ताई
तूर तुटून राहिली. क्विंटलला 58 किलो डाळ, 19 किलो चुरी (तुटकी डाळ), 17 किलो भुसा. मशीन विकणारा 72 म्हणाला होता. तुरीला तेलपाणी सगळं केलं. आमच्या बचत गटानं गावातल्या एकट्या बायांची तूर हमीभावानं, 8000 नं घेतली, पैसे डाळ विकल्यावर द्यायचे. वसतिगृहाला 140 रुपये किलोनं 3 क्विंटल बोलून बसलो, होळीच्या आधी पाहिजे. रोल अन् जाळीतला गॅप वाढवू का कमी करू, एवढंच सांगा.

काळी_कसदार
गॅपचं नंतर. आधी हे सांगा: तेल कोणतं, किती? ढीग किती तास ठेवला? वाळवण किती दिवस? पाणी किती मारलं? तूर चाळली का? किती फेऱ्या?
आणि 17 किलो भुसा खटकतो. तुरीचं टरफल 13 ते 15 टक्के असतं. मूठभर भुसा ताटलीभर पाण्यात चोळून पाहा. पाणी पिवळं-गढूळ झालं तर डाळीचं पीठ भुशात चाललंय.

एमरीवाला_अकोला
एमरी (रोलवरचा खरखरीत थर) घासली असेल. रोल नवा चढवा, प्रश्न मिटला.

काळी_कसदार
भाऊ, घासलेल्या एमरीनं टरफल निघत नाही हे खरं. पण इथं चुरीच जास्त आहे. नवी धारदार एमरी आणखी खाईल.

वऱ्हाडी_बावा
काहून एवढी दगदग करता वं? तूर बाजार समितीत टाका, पैसा मोकळा.

दारव्ह्याची_ताई
मग गट कशाला काढला असता भाऊ? चुनी (चुरी-पिठाचं गुरांचं खाद्य) अन् भुसा गावातच राहिला पाहिजे, बायांना मिलात काम पाहिजे.
तेल जवसाचं, अर्धा किलो क्विंटलला. वाळवण एक दिवस. पाणी अंदाजानं. भुशाचं पाणी पिवळंच झालं!

काळी_कसदार
‘अंदाजानं’ म्हणजे किती लिटर? आणि पाण्यानंतर वाळवलं की तसंच मशीनला?

दारव्ह्याची_ताई
एक बादली. 10 लिटरची, पण भरून नव्हती. दुपारी मारलं, संध्याकाळी मशीनला घातलं.

काळी_कसदार
इथंच चुकलं. क्विंटलला 2 ते 3 लिटर पुरे. ओल राहिली की दाणा रोलखाली चिवट होतो. टरफल सुटत नाही, मग तुम्ही दाब वाढवता, आणि डाळीच्या कडा झिजून पीठ होतं. पद्धत अशी:

तूर चाळून मोठी-बारीक वेगळी करा. पहिली फेरी फक्त ओरखड्यांची, निकासाचं दार मोकळं, दाब नाही. टरफलावर चरा पडला की बस, नाहीतर तेल आत जात नाही. मग 300 ग्रॅम तेल हातानं चोळा, अर्धा किलोनं एमरी चिकट होते. रात्रभर ताडपत्रीखाली ढीग. पुढचे दोन दिवस कडक ऊन, थर दोन बोटांहून जाड नको, दर दोन तासांनी पाय फिरवा. तिसऱ्या संध्याकाळी 2-3 लिटर पाणी शिंपडा, पुन्हा रात्रभर झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी ऊन. ओल 9-10 टक्क्यांवर यायला हवी. मापक नसेल तर दाणा दाताखाली धरा: कट्ट वाजून दुभंगला तर झालं, दबला तर अजून एक ऊन.

माती_लावा
एवढं तेल कशाला? तूर भिजवा, लाल माती चोळा, रात्रभर ठेवा, वाळवा. टरफल आपसूक सुटतं. आपल्याकडं जात्यावर हेच चालायचं.

काळी_कसदार
टरफल सुटतं, खरंय. पण भिजवलेल्या तुरीची डाळ शिजायला वेळ घेते. वसतिगृहाच्या स्वयंपाक्यानं एकदा कुकर दुसऱ्यांदा लावला की पुढची ऑर्डर गेली. शिवाय माती चाळून काढणं हे वेगळं काम.

माती_लावा
शिजण्यात वाणाचाही वाटा असतो. तूर कोणती, मारुती की तारा?

दारव्ह्याची_ताई
मिसळ आहे. नऊ बायांची पोती एकत्र ओतली.

काळी_कसदार
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! मोठ्या दाण्याला बसवलेल्या गॅपमधून बारीक दाणा टरफलासकट निसटतो. तो सोलायला दाब दिला की मोठा फुटतो. दोन्ही एका सेटिंगवर निघत नाहीत.

योजना_मित्र
केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत (मुदत 2025-26 पर्यंतची, पुढचं विचारून घ्या) प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळतं, कमाल 10 लाख. लाभार्थ्याचा हिस्सा किमान 10 टक्के, बाकी बँक कर्ज. उद्यम नोंदणी मोफत.

दारव्ह्याची_ताई
मशीन घेऊन झालं दादा. आता पैसा तुरीत अडकलाय.

योजना_मित्र
मग त्याच योजनेतल्या बीज भांडवलाचं पाहा. अन्न प्रक्रियेत असलेल्या गटाच्या सदस्याला 40,000 पर्यंत, खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) गावातल्या सीआरपीताईंमार्फत प्रभागसंघाकडं, म्हणजे गटांच्या वरच्या संघाकडं विचारा.

मिस्त्री_ठेवा
मशीन बायांच्या हातात म्हणून तुटते. पुरुष मिस्त्री ठेवा.

शिवारातली
मिस्त्री आला तरी पाणी तेच 10 लिटर मारेल. ताई, मोटरचा पट्टा पाहा. पट्टा सैल असला किंवा गावात दुपारी व्होल्टेज पडलं की रोल मंदावतो, टरफल राहतं अन् फेऱ्या वाढतात. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबा, फार दबला तर ताणा. आणि हिशेब असा: 8000 भागिले 58 म्हणजे किलोला 138 नुसती तूरच. तुमच्या 140 मध्ये वीजबिलही निघत नाही. 72 पडली तर 111. बायांना दिलेला भाव त्या 14 किलोवर उभा आहे.

वऱ्हाडी_बावा
चुनी काय भाव देता? म्हशीसाठी पायजे.

दारव्ह्याची_ताई
(पाच दिवसांनी) 10 किलोचा घाणा काढला. फक्त मोठा दाणा, 30 ग्रॅम तेल, पाणी पाव लिटर, तीन उन्हं. डाळ 6 किलो 900, चुरी 900 ग्रॅम, भुसा 1 किलो 500. भुशाचं पाणी आता साफ आहे. पण डाळीतले काही दाणे अजून टरफल धरून आहेत.

काळी_कसदार
तेवढे गोटे चाळून काढा, पूर्ण डाळ परत घालू नका. गोट्यांना थोडं पाणी, एक ऊन, मग शेवटची फेरी. बारीक तुरीला गॅप वेगळा लागेल, आधी 5 किलोवर लावून पाहा. ऑर्डरची तारीख काय?

दारव्ह्याची_ताई
मंगळवार. बारीक तूर उद्या चाळते. बावा, चुनी पोत्यानं देऊ, पोतं तुमचं आणा.