पोरसचे हत्ती कमी करण्यापेक्षा जमीन बदला

अलेक्झांडर आणि पोरस राजा यांची झेलम नदीकाठची लढाई टेबलावर सोंगट्या मांडून खेळताना हत्तींमुळे एकतर्फी होते, म्हणून पोरसचे हत्ती निम्मे करा, ही एकाची सूचना अर्धीच पटली. मुळात आकडा कोणाचा धरायचा? प्राचीन इतिहासकारांपैकी अरियन २०० सांगतो, डायोडोरस १३०, कर्टियस तर ८५ वर येतो. आम्ही इंदूरला रामबागेत एका मित्राच्या जेवणाच्या टेबलावर मांडतो तेव्हा अरियनचा धरतो, वीस हत्तींना एक सोंगटी. तरी पोरस सहजासहजी जिंकत नाही, कारण आम्ही चिखल धरतो. इ.स.पू. ३२६ ची ही लढाई रात्रभराच्या वादळी पावसानंतरची. कर्टियस लिहितो की रथ रुतले, आणि लांब धनुष्य जमिनीला टेकवून ताणावं लागे, ते निसरड्यात जमेना. अरियनचं म्हणणं मात्र असं की पोरसच्या मुलाचे रथ चिखलात अडकले, पण खुद्द पोरसने मुख्य फळीसाठी रेताड, टणक जागा निवडली होती. मला हेच जास्त पटतं. म्हणून टेबलाच्या मधे वाळूचा पट्टा, बाजूंना चिखल म्हणून वाळवलेला चहाचा चोथा फेव्हिकॉलने चिकटवलेला. चोथ्यावर रथाची चाल निम्मी, धनुर्धाऱ्यांचा पल्लाही निम्मा.

दुसरं म्हणजे, जखमी हत्ती कुठे वळतो ते फाशावर सोडा. खऱ्या लढाईत अलेक्झांडरच्या मॅसिडोनियन पायदळाला मागे सरकायला जागा होती, पोरसचं सैन्य मात्र दाटीत अडकलं आणि आपल्याच हत्तींखाली सापडलं. हत्तींच्या पाठीमागे पायदळ चिकटवून उभं करणाऱ्या खेळाडूला हा नियम पहिल्याच डावात कळतो.