अरंगेत्रम की दुसरं लग्न?

फोंडेकर
भाचीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम न्यू जर्सीत झालं, आम्ही फोंड्यात जागून लाइव्ह पाहिलं. गायक आणि मृदंगवादक चेन्नईहून बोलावलेले, मध्यंतरात जेवण, मग भाषणं, मग लहानपणापासूनचे फोटो. पोर सुरुवातीचं अलारिप्पू सुरेख नाचली. वर्णमला, म्हणजे मधल्या लांबलचक मुख्य नाचाला, मात्र दमली. तालात पाय पडत होते, चेहरा कोरा. अरंगेत्रम म्हणजे रंगमंचावरचं पहिलं पाऊल ना? तिकडे ते शेवटचं ठरतंय. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढते आणि घुंगरू माळ्यावर जातात. खर्च किती आला ते बहिणीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

स्विंडनची सून
भाऊ, एका श्रीमंत घरचा सोहळा बघून सगळ्यांना झोडपू नका. आम्ही पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे इंग्लंडात आलेली माणसं, घरोघरी गोदामातल्या शिफ्टा. दर शनिवारी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन क्लास चालतो. टीचर तमिळ, मुली डिचोली-सांखळीच्या, दोघी गुजराती. इंपिरियल सोसायटी ही इथली नृत्यशिक्षकांची संस्था बॅलेच्या परीक्षा घेते तशा भरतनाट्यम-कथकच्याही घेते, त्या देतात. चेन्नईचा गायक कुठला, स्पीकर चालला तरी पुरे! आणि दहावी आली की गोव्यात किती मुली क्लास सोडतात, तेही मोजा.

फोंडेकर
सोडतात ना. पण त्या स्वतःला नर्तिका म्हणवून पत्रिका छापत नाहीत.

मडगावकर
मला खुपतं ते वेगळंच. फोंडेकर, केरी तुमच्याच तालुक्यात. गायिका केसरबाई केरकर तिथल्या. आपल्या देवळांत कलावंत घराण्यांतल्या बायका गायच्या, नाचायच्याही. त्यांचं गाणं जगाने डोक्यावर घेतलं. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. नाचाला मात्र आपण घरंदाजपणाच्या नावाखाली उंबऱ्याबाहेर काढलं. तिकडे मद्रासलाही तेच. नर्तिका रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही नृत्यशाळा काढली, वरच्या जातींतल्या मुली नाचू लागल्या. १९४७ च्या कायद्याने मुलींना देवदासी म्हणून वाहणं बंद झालं. वाहणं थांबलं ते उत्तमच, पण ज्यांनी कला सांभाळली त्या बायका मंचावरून उतरल्या त्या उतरल्याच. परदेशातला निवेदक ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणतो, त्यात त्या कुठेच नसतात.

सांखळीकर
इथला निवेदक तरी कुठे घेतो त्यांचं नाव? उलट भरतनाट्यमच्या बालसरस्वती बघा. तंजावरच्या देवदासी घराण्यातल्या, १९६२ मध्ये अमेरिकेत नाचल्या, पुढे वेस्लियन विद्यापीठात शिकवलं. तिकडच्या पोरांनी त्यांना गुरू मानलं, कूळ विचारत बसली नाहीत.

फोंडेकर
ती पोरं अमेरिकन होती हो. मी बोलतोय ते आपल्या माणसांबद्दल.

स्विंडनची सून
आपल्या माणसांचंच सांगते. डिसेंबरात गावी येतोय. जत्रेत मुलींनी देवळात नाचावं म्हणून कमिटीतल्या एका काकांना फोन केला. म्हणाले, “देवळात बायकांचा नाच? बरं नाही दिसत.”

मडगावकर
त्यांना विचारा, आजोबांच्या वेळी त्या सभामंडपात कोण नाचायचं.

स्विंडनची सून
विचारलं. म्हणाले, फरशी नवीन आहे, घुंगरांनी चरे पडतील.